आडोसा नसलेली रांग

लॉस एंजलिसहून मॅमथला बर्फ बघायला निघालो होतो. ३९५ हायवेवर लोन पाइन मागे टाकलं आणि लेकीला 'जायचं' झालं, म्हणून मॅन्झनारला गाडी वळवली. पाटी कितीदा तरी पाहिलेली. थांबलो कधीच नव्हतो.

पर्ल हार्बरनंतर, फेब्रुवारी १९४२मध्ये रूझवेल्टनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं उचलून छावण्यांत नेली. त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेची नागरिक. एकट्या मॅन्झनारमध्ये दहा हजार.

एवढं वाचून ठाऊक होतं. हादरले ती बायकांच्या संडासापाशी. चौदा नंबरच्या ब्लॉकमध्ये तो आता पुन्हा जसाच्या तसा उभा केलाय. पाठीला पाठ लावून भांड्यांची रांग, मध्ये आडोसा म्हणून काही नाही. बायका मध्यरात्रीपर्यंत थांबायच्या म्हणे; कुणी पुठ्ठ्याचं खोकं भोवती धरून बसायची. अंधाराची वाट बघत थांबणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायकांना मी काय सांगणार! पण इथे ते सरकारने, कागदावर नकाशा काढून, बांधून दिलं होतं. माझी लेक तिथे उभी राहून म्हणाली, "पण दार कुठंय?" तिचा पासपोर्ट इथला आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचा जन्मही इथलाच होता.

आणि हे सगळं आम्हाला सांगत होता सरकारचाच नोकर, गणवेशातला रेंजर. आमचं चुकलं, असं सरळ. १९८८मध्ये रेगननी कायद्यावर सही केली: माफी, आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. सेहेचाळीस वर्षांनी! तोवर कितीतरी जण गेले होते. तरी कौतुक वाटलंच. मग त्या कौतुकाचाच राग आला, आणि गाडीत बसता बसता मी म्हटलं, "आपण निदान असलं काही केलं नाही."

"देवली," नवरा म्हणाला.

आमच्या घरी बासष्टचं चीनशी युद्ध म्हणजे आजीने संरक्षण निधीला दिलेल्या पाटल्या, आणि हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री. कऱ्हाडची माणसं आम्ही, यशवंतरावांवर निबंध लिहून बक्षिसं घेतलीत. राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं डांबली होती, त्यात आसामात जन्मलेलीही होती, काही जण तर चार-पाच वर्षं. हे मला चाळिशीत, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कळावं? तीन हजार कुठे आणि सव्वा लाख कुठे, असं मी लगेच म्हटलं. शिवाय आपल्याकडे शत्रू खरंच आत घुसला होता. आपण गरीब होतो. नुकते स्वतंत्र झालो होतो. नवरा गाडी चालवत राहिला.

रात्री बाबांना फोन केला.

"अगं, वेळच तशी होती," ते म्हणाले. मग मॅमथला थंडी किती, मुलीला स्वेटर घातलास का, हे सगळं झालं. ठेवता ठेवता म्हणाले, "किती म्हणालीस, तीन हजार?"