गाव कुठलं तुमचं? ओरिजिनच्या बुधवारची तयारी

मे महिना उजाडला की ब्रिस्बेनमधल्या ऑफिसांत एकच चौकशी सुरू होते: तू मरून की निळा? 'मी क्रिकेटवाला' हे उत्तर ग्राह्य धरत नाहीत. स्टेट ऑफ ओरिजिन म्हणजे क्वीन्सलँड (ब्रिस्बेनचं राज्य, रंग मरून) आणि न्यू साउथ वेल्स (सिडनीचं राज्य, रंग निळा) या राज्यांमधले रग्बी लीगचे वर्षाकाठी तीन सामने, साधारण मेअखेर ते जुलै, बहुतेक बुधवारी रात्री. भांडण जुनं आहे, पण मला अजून थक्क करतो तो त्यांचा एक नियम. तुम्ही राहता कुठे, पगार कोण देतं, एरवी कुठल्या क्लबची जर्सी घालता, यातलं काही विचारात घ्यायचं नाही. गाव कुठलं? त्या बाजूने खेळा.

म्हणजे परळच्या चाळीत वर्षभर राहणाऱ्या चाकरमान्याने गणपतीला रत्नागिरीची गाडी पकडावी, तसं. फक्त इथे आरती म्हणायची नसते, चाळीतल्याच शेजाऱ्याला उचलून आडवं करायचं असतं.

नियमाच्या मुळाशी पैसा आहे. 1980 पर्यंत राज्यांचे संघ राहण्याच्या ठिकाणावरून निवडत. न्यू साउथ वेल्समध्ये क्लबांना 1956 पासून जुगाराची यंत्रं ठेवायची परवानगी होती, ज्यांना इथे 'पोकीज' म्हणतात. क्वीन्सलँडमध्ये तेव्हा नव्हती. त्या पैशावर सिडनीचे क्लब क्वीन्सलँडची चांगली पोरं उचलत, आणि तीच पोरं निळी जर्सी घालून स्वतःच्या राज्याला बदडत. साठच्या नि सत्तरच्या दशकांत क्वीन्सलँड बहुतेक मारच खात होतं. शेवटी 8 जुलै 1980 ला, मालिका हातची गेलेलीच असताना, तिसरा सामना प्रयोग म्हणून मूळ राज्याच्या हिशेबाने ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर खेळवला. क्वीन्सलँडचा कप्तान होता आर्थर बीटसन. जन्म क्वीन्सलँडमधल्या रोमा गावचा, वय 35, ऐन उमेदीची वर्षं सिडनीत गेलेली, आधी न्यू साउथ वेल्सकडूनही खेळून झालेलं, आणि त्या वर्षी पॅरामॅटा क्लबच्या दुय्यम संघात. त्या रात्री त्याने समोरच्या मिक क्रोनिनला, म्हणजे पॅरामॅटातल्या स्वतःच्याच सहकाऱ्याला, जो दणका दिला त्याची चर्चा आजही संपलेली नाही. क्वीन्सलँडने 20–10 असा सामना काढला.

दुसरं उदाहरण 2001 चं. मालिका 1–1, निर्णायक सामना दारात, आणि क्वीन्सलँडचा प्रशिक्षक वेन बेनेट याने अ‍ॅलन लँगरला बोलावलं. लँगर तेव्हा चौतिशीचा होता आणि थेट इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनकडून खेळत होता. गुपचूप विमानात बसला, आला, 40–14 असा सामना जिंकून दिला. 'परदेशी स्थायिक झालास, आता कसला क्वीन्सलँडर' असं त्याला कुणी म्हणालं नाही. बाहेर पोट भरणारा माणूस गावाला परका होत नाही, हे या लोकांनी नियमावलीत लिहून ठेवलंय. गावच्या पारावर आमच्याबद्दल जे बोललं जातं ते आठवून मी हा परिच्छेद जरा लांबवला, हे मान्य.

आता नेमका नियम. 2012 पासून कसोटी साधारण अशी आहे: खेळाडूचा जन्म त्या राज्यात झालेला हवा, किंवा तेराव्या वाढदिवसाआधी तो तिथे राहिलेला हवा, किंवा वडील ओरिजिन खेळलेले हवेत. एकदा एका बाजूने उतरलं की बदल नाही. त्याआधी खेळाडू मोठ्यांची रग्बी लीग पहिल्यांदा कुठे खेळला यावर भर असे. त्यातूनच ग्रेग इंग्लिस हे प्रकरण घडलं. जन्म न्यू साउथ वेल्सचा, शाळेच्या शेवटच्या वर्षांत ब्रिस्बेनला आला आणि क्वीन्सलँडकडून 18 ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) करून गेला. निळ्यांचा कोणीही भेटला की पाच मिनिटांत हा विषय काढतो. काढला की मान डोलवायची, वाद घालायचा नाही, कारण या एका मुद्द्यावर त्यांचं बरंचसं खरं आहे.

मराठी डोक्याने हा नियम वाचला की पहिली शंका आजोळाची येते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगं जन्मतं नाशिकला, वाढतं डोंबिवलीत, आणि गाव विचारलं तर सांगतं राजापूर, जिथे ते उन्हाळ्याच्या सुट्टीपलीकडे राहिलेलं नाही. इथल्या कसोटीवर ते नाशिककर किंवा डोंबिवलीकर, राजापूरकर नाहीच. आणि वडिलांचं खेळणं धरतात, आईचं नाही, हेही गमतीचंच. इतक्या आधुनिक देशात हा भाग अगदी सातबाऱ्यासारखा निघाला. आमच्यासारखे तिशीत आलेले तर कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. पुण्याहून आठव्या वर्षी आणलेली मुलगी मात्र नियमाने पक्की क्वीन्सलँडर. बायकांचं ओरिजिनही आता तीन सामन्यांचं आहे.

तुलना करायचीच तर रणजीशी करा. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 अशी दोन वर्षं करंडक नेला, तेव्हा संघात मुंबईचा वसीम जाफर होता आणि प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित. 2024-25 ला पुन्हा विदर्भ, आणि या वेळी धावा कर्नाटकच्या करुण नायरच्या. ओरिजिनचा नियम लावला तर जाफर वानखेडेवर विदर्भाविरुद्ध उभा! आपलं राज्य एक आणि रणजीत संघ तीन, तेव्हा सातारचा आणि दादरमध्ये वाढलेला पोरगा कुणाचा यावर निवड समिती दिवाळीपर्यंत बसेल. इथे बावन्न हजारांचं मैदान भरतं आणि आपल्याकडे रणजीच्या सामन्याला सुरक्षा रक्षक जास्त असतात, हे खरं. पण इथे तीन रात्रींचा खेळ आणि तिथे चार-पाच दिवसांचा एकेक सामना, कामधंदा सोडून कोण बसणार? शिवाय खेळाचं वेड कुणी आपल्याला शिकवायला नको.

असो. या वर्षी पहिल्यांदा जाणार असाल तर तयारी कपड्यांपासून करा. क्वीन्सलँडचा रंग मरून, आणि त्याचा उच्चार इथे 'मरोन' करतात. 'मरून्स' म्हणालात की कळतं, नवीन आलाय. न्यू साउथ वेल्सचा आकाशी. सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे भारताची निळी क्रिकेट जर्सी. गडद असली तरी लांबून ती निळीच दिसते, आणि तुम्ही दिवसभर कोहली-बुमराह समजावत बसता. जर्सी महाग आहेत. एखादा मरून स्कार्फ पुरतो, किंवा लग्नातला मरून शेला, तो तर फारच उठून दिसतो. आत थर्मल घाला. जुलैच्या रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि प्लास्टिकच्या खुर्च्या ऐंशी मिनिटं गार लागतात.

एकमेकांना ठेवलेली नावंही माहीत असू द्या. निळे म्हणजे झुरळं, आपण म्हणजे केन टोड, उसातले बेडूक. यामागची गोष्ट कोल्हापूर-सांगलीकडच्यांना लगेच कळेल. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या अळ्या, आपल्याकडची हुमणीच, आणि तिचे भुंगेरे संपवायला 1935 मध्ये हवाईहून हे बेडूक आणून सोडले. भुंगेरे वर पानांत, अळी खाली मातीत, बेडूक मधल्या मध्ये. हुमणी राहिली आणि बेडूक राज्यभर पसरले. असल्या फसलेल्या प्रयोगाचं नाव अभिमानाने मिरवणारे लोक मला आवडतात.

तिकिटं काही महिने आधी निघतात आणि जातात. उशीर झाला तर अधिकृत पुनर्विक्री पाहा. क्वीन्सलँडमध्ये अशा मोठ्या मैदानांची तिकिटं मूळ किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त चढवून विकणं गुन्हा आहे, त्यामुळे दुप्पट भाव सांगणारा भेटला तर तो फसवतोय किंवा कायदा मोडतोय, बहुधा दोन्ही.

गाडी नेऊ नका. हे वाक्य पुन्हा वाचा. मैदान म्हणजे तेच लँग पार्क, गावात, पॅडिंग्टन-मिल्टनच्या घरांना चिकटून आहे, आणि सामन्याच्या दिवशी आसपासच्या रस्त्यांवर रहिवासी परवाना नसेल तर पार्किंगची मर्यादा 15 मिनिटं. पाट्या वस्तीच्या शिवेवर असतात, प्रत्येक गल्लीत नाही. म्हणून माणूस मैदानापासून लांब, शांत गल्लीत, पाटी नाही बघून निर्धास्त गाडी लावतो आणि परत येतो तेव्हा काचेवर दंडाची चिठ्ठी. आपल्याकडच्यासारखं 'साहेब, दोनच मिनिटं' म्हणायला समोर माणूसही नसतो. मला आधी हा नियम जाचक वाटायचा. पण वानखेडेच्या सामन्याला चर्चगेटच्या रहिवाशांनी दाराशी काय सोसलंय ते आठवलं की वाटतं, बरोबर आहे यांचं. तरीही 15 मिनिटं? अर्धा तास तरी द्यायचा.

ट्रेन आणि बसचा प्रवास सामन्याच्या तिकिटातच धरलेला असतो. ऑगस्ट 2024 पासून इथलं भाडं तसंही सरसकट 50 सेंट आहे, म्हणजे वाचतो जाऊन-येऊन एक डॉलर, पण फुकटचं ते फुकटचं. जाताना मिल्टन स्टेशन जवळचं, पाचेक मिनिटांवर. बाहेर पडलात की शेजारच्या बिअरच्या कारखान्यातला शिजलेल्या धान्याचा उबट वास येतो, आंबोळीचं पीठ जरा जास्त फुगल्यासारखा. येताना मिल्टन टाळा. पन्नास हजारांतले निम्मे तिथेच वळतात आणि पोलीस फलाटावर थोडी थोडी माणसं सोडतात. पंधरा-वीस मिनिटं चालून रोमा स्ट्रीट गाठलं तर गाड्याही जास्त मिळतात.

मात्र दीड-दोन तास आधी पोचा आणि कॅक्स्टन स्ट्रीटवरून या. त्या उतारावर पबबाहेर मरून गर्दी दाटलेली असते आणि निळ्यांची बस यायची वेळ झाली की सगळे रस्त्याकडे सरकतात. बस आली की हुर्यो, बोटं, काचांवर थापा. लहान मुलं बरोबर असतील तर हा भाग सोडा. भाषा ऐकवत नाही. मुलांना वॉली लुईसच्या पुतळ्यापाशी न्या. तो आठ वेळा ओरिजिनचा सामनावीर ठरलाय आणि इथे त्याला 'द किंग' म्हणतात. आत गेल्यावर निळे-मरून शेजारी-शेजारी बसतात, वेगळे कप्पे नसतात. टोमणे मारायचे, झेलायचे, आईबहिणीवर नि कातडीवर जायचं नाही. 'क्वीन्सलँडर!' ही आरोळी 1995 ला बिली मूरने मैदानात उतरायच्या बोगद्यात ठोकली, तेव्हापासून ती सगळ्यांची झाली. शेवटचं अक्षर लांबवायचं.

खेळ बघताना कबड्डी डोक्यातून काढून टाका, गोंधळ होतो. एकच धरून ठेवा: चेंडूवाल्या गड्याला धरून पाडणं म्हणजे टॅकल, आणि चेंडूवाल्या संघाला अशा सहा टॅकल. पाच वेळा आपटून घेत पुढे सरकायचं आणि सहाव्याआधी लाथ मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात लोटायचा. पहिली वीस मिनिटं कंटाळवाणी वाटतील, शंभर किलोचे पुढचे गडी एकमेकांवर नुसते आदळत असतात. तेव्हा गुणफलक सोडा आणि शेवटच्या लाथेवर नजर ठेवा. ती चेंडू कुठे नेऊन टाकते, आणि मारणाऱ्याच्या अंगावर किती लवकर माणूस पोचतो. एक संघ दरवेळी स्वतःच्या गोलरेषेपासून सुरुवात करतोय असं दिसलं की पंचविसाव्या-तिसाव्या मिनिटाला त्याचे मधले गडी दमतात, कंबरेवर हात येतात, आणि मधली फट तिथेच उघडते. ट्रायला 4, त्यावरच्या लाथेला 2. ठोसेबाजी बघायला जाणार असाल तर उशीर झाला. 2013 ला निळ्यांच्या पॉल गॅलनने क्वीन्सलँडच्या नेट माइल्सला ठोसे लगावले, त्यानंतर ठोसा मारला की दहा मिनिटं बाहेर. उंच टॅकलवर त्याहून कडक. 2024 च्या पहिल्या सामन्यात निळ्यांच्या जोसेफ सुआलीने रीस वॉल्शच्या डोक्याला धडक दिली नि आठव्या मिनिटालाच उरलेल्या सामन्यासाठी बाहेर गेला. बारा जणांत खेळून निळे 38–10 हरले. मालिका मात्र त्यांनीच नेली, तीही याच मैदानावर, 14–4. ती रात्र इथे कुणी काढत नाही. 2025 ला क्वीन्सलँडने सिडनीत जाऊन परतफेड केली. तोवरचा हिशेब: क्वीन्सलँड 25 मालिका, निळे 17, बरोबरी 2.

तिकीट नसेल तरी अडत नाही. हा सामना फुकट वाहिनीवर दिसतो, आणि त्याचे हक्क आधी फुकट वाहिन्यांना मिळावेत अशी कायद्यातच सोय आहे. कार्यक्रम साडेसातला सुरू होतो, चेंडू उडतो आठच्या पुढे, भारतात दुपारी साडेतीनच्या सुमारास. बुधवारी त्या वेळी इथल्या मंडळींना व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावू नका. विशेषतः ज्यांची पोरं इथे वाढतायत त्यांना. बाप अजून भारताची जर्सी धुवायला टाकत असतो आणि पोरगं सोफ्यावर उभं राहून शेवटचं अक्षर लांबवत असतं.