गिअर टाकला की टकटक

लाकडी बोट थोडीफार कुरकुरणारच. पण गिअर टाकल्याबरोबर मागच्या फळ्यांखालून टकटक सुरू होते आणि न्यूट्रलला आणलं की थांबते, ती कुरकुर नव्हे. दाभोळ खाडीतल्या आमच्या ४२ फुटी जुन्या बोटीची ही टकटक काढण्यात यंदा अर्धा ऑगस्ट गेला. काम एका दिवसाचं होतं. बाकीचे दिवस "अलाइनमेंट तर जुलैतच झालंय" या एका वाक्याने खाल्ले. अलाइनमेंट म्हणजे इंजिन आणि मागचा पंखा फिरवणारा दांडा, शाफ्ट, एका रेषेत बसवणं.

किरकोळ आवाज एका सकाळीत निघतात. केबिनची काच खडखडते, चौकटीत सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवा. इंजिन चालू होताना किंचाळतं, पट्टा ढिला आहे. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर १०-१२ मिलिमीटर दबावा, त्याहून ताठ केलात तर पंपाचं बेअरिंग जाईल. सायलेन्सरचा पाइप लाकडाला टेकून खरखरत असेल तर आधी तो सोडवा, तिथे आवाजापेक्षा आगीची भीती मोठी. नांगरावर असताना लाटेगणिक ठोका पडतो तो बहुतेक सुकाणूच्या झिजलेल्या खिळीचा.

आवाजाची जागा नुसत्या कानाने ठरवू नका. लाकूड लाकडाला बांधलेलं, त्यामुळे नाळीत, म्हणजे पुढच्या टोकाला बसलेला म्हणतो आवाज नाळीतून येतोय, तांडेल म्हणतो केबिनखालून. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या अंगावर टेका, मूठ कानामागच्या हाडाला लावा. फिरत्या शाफ्टला टोक लावायचं नाही, आणि लुंगी किंवा खांद्यावरचा टॉवेल आधी काढून ठेवायचा.

मग ठोके मोजा. आमचा गिअरबॉक्स ३:१ चा. इंजिन ६०० फेऱ्यांवर असेल तर शाफ्ट मिनिटाला २०० फेरे घेतो. मोबाइलवर १५ सेकंद रेकॉर्ड करून हळू वाजवायचं. ५० ठोके आले तर शाफ्टच्या दर फेऱ्याला एक. १५० आले तर तीन पात्यांचा पंखा. ७५ म्हणजे इंजिनाचा एकच सिलिंडर, पण तो न्यूट्रलमध्येही ऐकू यायला हवा. आमचे ५० होते.

म्हणजे शाफ्ट, किंवा तो गिअरबॉक्सला जोडणाऱ्या दोन चकत्या, कपलिंग. इथेच गाडं अडलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या काळात बोट किनाऱ्यावर असताना फिटरने अलाइनमेंट करून दिलेलं. गेज लावून दाखवलेलं, चोख होतं. त्यामुळे कपलिंगकडे बघायला कोणी तयारच होईना. आधी ग्लँडचं, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या सांध्याचं, पॅकिंग बदललं, मग भरतीची वाट बघून बोट चढवून पंखा काढून तपासला. टकटक तशीच.

फिटरचं माप खोटं नव्हतं, ते किनाऱ्यावरचं होतं. ओंडक्यांवर बोट चार-पाच ठिकाणी टेकलेली असते, पाणी तिला सगळीकडून उचलून धरतं. त्यात दोन महिने सुकलेल्या फळ्या पाण्यात फुगतात. आकार बदलला की इंजिनाचा पाट आणि शाफ्टची नळी एका रेषेत राहत नाहीत. म्हणून किनाऱ्यावर फक्त ढोबळ बसवायचं. खरं माप बोट दोन-तीन दिवस पाण्यात राहिल्यावर, टाकीत नेहमीएवढं डिझेल असताना.

कपलिंगचे बोल्ट काढले तेव्हा एका बोल्टच्या दांड्यावर चकचकीत पायरी पडलेली दिसली. तिरक्या ओढीने त्याचं भोक झिजलं होतं, टकटक तिथली.

माप घेताना शाफ्टचं लोंबतं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. त्याला स्प्रिंगकाट्याने वर धरा: कपलिंगच्या अर्ध्या भागाचं पूर्ण वजन, अधिक लोंबत्या शाफ्टचं निम्मं. मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ५ इंची कपलिंगला चारही जागांतला फरक ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. आमचा खाली ०.६ मिलिमीटर उघडा होता. गिअरबॉक्सचा भाग तसाच ठेवून शाफ्टचा अर्धा फेरा फिरवून पाहा. फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट वाकडा किंवा कपलिंगचं तोंड वाकडं, शिम (इंजिनाच्या पायांखालच्या पातळ पट्ट्या) घालून काही होणार नाही. आमची खालीच राहिली.

खाली उघडं म्हणजे इंजिनाचे पुढचे पाय चढे. किती, ते गणितानं, सगळं मिलिमीटरमध्ये: ०.६ गुणिले पुढच्या-मागच्या पायांतलं अंतर ९००, भागिले कपलिंगचा व्यास १२७. सव्वाचार मिलिमीटर. तेवढ्या शिम पुढून काढल्या. पुढचं खाली गेलं की मागचं किंचित वर येतं, म्हणून उंची परत जुळवायची. शिम पत्र्याच्याच, लाकडाची पाचर दबते. पायांचे बोल्ट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना माप हलतंच. झिजलेलं भोक रीमरने साफ करून मापाचा नवा बोल्ट घातला. गिअर टाकला. टकटक गेली.

ग्लँडचं सांगायचं राहिलं. पॅकिंगच्या कड्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. शाफ्ट फिरताना काही सेकंदांनी एक थेंब पडलाच पाहिजे. थेंब बंद व्हावा म्हणून नट आवळत गेलात तर ग्लँड तापते, किंचाळते, आणि शाफ्टवर खाच पडते.

आणि फिटरला जुलैत निम्मेच पैसे द्या. उरलेले बोट पाण्यात गेल्यावर, गेज तुमच्यासमोर लावल्यानंतर.