करुण रसाचा रंग पारव्याचा

माझी भाची यंदा दहावी झाली. टक्के चांगले पडले, म्हणजे सायन्सच, असं तिच्या घरी सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. तिला मात्र संस्कृत, चित्रकला आणि नाटक हवंय. "मावशे, तू कसं केलंस?" असं तिनं विचारलं, म्हणून हे लिहायला बसले.

अकरावी-बारावी मी गोव्यात फोंड्याला केली. वर्गात संस्कृत, शनिवारी दुपारी सरांकडे चित्रकला, आणि नाटक गावात, म्हार्दोळला, जत्रेच्या तालमींना. हे तिन्ही एकमेकांत किती गुंतलेलं आहे ते मला भास या प्राचीन संस्कृत नाटककाराच्या 'ऊरुभंगा'नं दाखवलं.

भासाचं नाव संस्कृतात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याची नाटकं शतकानुशतकं अभ्यासकांच्या हाती नव्हती. संस्कृत पंडित गणपतिशास्त्रींना त्रावणकोर संस्थानात ती ताडपत्रांवर सापडली आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमहून छापून आली. 'ऊरुभंग' त्यातलंच, एका अंकाचं. भीमानं मांड्या फोडलेला दुर्योधन हातांवर सरपटत येतो. त्याचा लहानगा दुर्जय सवयीनं त्याच्या मांडीवर बसायला धावतो, आणि बापाला त्याला अडवावं लागतं.

वर्गात हा प्रसंग परीक्षेपुरता होता. गावात आम्ही तो बसवायला घेतला, श्लोक संस्कृत आणि गद्य मराठी ठेवून. दुर्योधन करणारा मुलगा जमिनीवर बसला की जेवायला बसल्यासारखा दिसायचा. मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याला समोर बसवून काढ. वजन कुठं पडतंय ते आधी बघ." काढताना दिसलं, पायांत जीव नसला की सगळा भार तळहातांवर येतो, कोपरं ताठतात, खांदे कानांपर्यंत चढतात. ते चित्र बघून तो तसा बसला आणि त्याचा श्वासच बदलला. नाटकाच्या सुरुवातीचा 'भीष्मद्रोणतटां' हा श्लोक शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे, ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. या वृत्तात यती कशासाठी असते ते मला त्याच्याकडून तो म्हणवून घेताना त्याच्या छातीकडे बघून कळलं. फळ्यावरच्या गणांनी ते कधी कळलं नसतं.

पडद्याचंही तसंच. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलाय. शृंगार श्याम, रौद्र लाल, करुण कपोत, म्हणजे पारव्याचा राखाडी. सरांनी काळा रंग वापरू दिला नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून तो राखाडी काढायला लावला. जत्रेत नेहमी महालाचा नाहीतर रानाचा पडदा लागतो, आम्ही तो सपाट राखाडी लावला. दुर्जय धावला तेव्हा पहिल्या ओळीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अरे, त्या भुरग्याक धर रे कोण तरी!" म्हणजे त्या पोराला कुणीतरी धरा. तिला संस्कृत येत नव्हतं. पण घरी कोंकणी, देवळात आणि रंगभूमीवर मराठी, शाळेत इंग्रजी, अशा आमच्या गोव्यातल्या माणसांना संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि राण्या प्राकृत, यात नवल वाटत नाही.

आता भाचीसाठी. संस्कृत प्रत्येक हायर सेकंडरीत मिळत नाही, तेव्हा फॉर्मआधी चौकशी कर. बारावीनंतर पणजीत आल्तिन्याला गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, नाटकासाठी कांपालला कला अकादमी. आणि तिच्या आईबाबांनो, ही पोर तिन्हींसाठी मेहनत करायला तयार आहे. फॉर्मवरचे विषय तिलाच लिहू द्या.