‘फक्त रंग मारायचाय’ म्हणून विकलेला जुना स्किड स्टीअर: आणला, सोलला, रंगवला

जुना स्किड स्टीअर लोडर, म्हणजे पुढे दोन आर्म आणि बकेट असलेलं माती-खडी उचलायचं छोटं मशीन, आणून स्वतः नवं करायचा विचार असेल तर हे वाचा. कॉम्प्रेसर, रंगाची गन, ग्राइंडर, जॅक तुमच्याकडे आहेत आणि ते चालवता येतात असं धरूनच लिहितोय. पाना कुठला कशाला लागतो इथून सुरुवात असेल तर आधी एखादी ट्रॉली रंगवून बघा, मग या वाटेला या.

विकणारा फोनवर एकच वाक्य घोळवत होता, मशीन एक नंबर आहे, फक्त रंग मारायचाय. जाऊन बघतो तर सगळं मशीन उन्हाने फिकं पडलेलं आणि लोडरचे दोन आर्म तेवढे चकाचक. आता ज्याला पूर्ण मशीन रंगवायचा कंटाळा आहे तो नेमके आर्मच का रंगवेल? रंगसुद्धा कसा, ग्रीस निपलवर रंग, होजवर रंग, वॉर्निंगच्या स्टिकरवरून सरळ गन फिरवलेली. खिशात लोहचुंबक होता तो आर्मच्या मागच्या सांध्याजवळ लावला तर एका जागी चिकटेचना. म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलेली. खरवडून दाखवलं तर आत बोटभर तडा. गडी म्हणतो, हे आम्हालाच माहीत नव्हतं. बरं.

तरी घेतलं, कारण इंजिन आणि हायड्रॉलिक दोन्ही दणकट निघाले आणि तड्याच्या नावाने भाव चांगलाच खाली आला. पण ताजा रंग म्हणजे धोक्याची खूण, हे डोक्यात पक्कं ठेवून जा. बघायला जायच्या आधी सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका, थंड असतानाच स्टार्ट करून दाखवा. अवरमीटरवर, म्हणजे मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरवर, विश्वास ठेवू नका, तो बदलता येतो. पेडलचं रबर, सीट आणि लिव्हरच्या मुठी बघा, त्या खोटं बोलत नाहीत. बकेट जमिनीपासून जराशी उचलून पहारीने आर्म हलवा, पिन-बुशची, म्हणजे आर्मच्या सांध्यांची, ढिलाई लगेच दिसते. चाक जॅकवर घेऊन पुढे-मागे हलवा. या मशीनची चाकं वळतच नाहीत, एका बाजूची दोन्ही चाकं चेनने बांधलेली असतात आणि दोन बाजूंच्या वेगातल्या फरकावर मशीन घसरत वळतं, म्हणून सगळा मार चेन आणि टायरवर. चाक फारच मोकळं हललं तर चेनकेस, म्हणजे त्या चेनचा बंद डबा, उघडायची तयारी ठेवा. आणि सीटबारचा (ड्रायव्हरच्या पुढ्यात खाली येणाऱ्या दांड्याचा) इंटरलॉक, म्हणजे दांडा वर असला की आर्म बंद ठेवणारं कुलूप, तारेने बायपास केलेला दिसला, आमच्यात होता, तर बाकी मशीनची काळजी कशी घेतली असेल ते न विचारताच कळतं. तो पहिल्या दिवशी दुरुस्त करा. सीटबार वर असताना आर्म हलता कामा नये, यात चर्चा नको.

ट्रेलरवर चढवताना बकेट रिकामी असेल तर मशीन रिव्हर्समध्ये चढवा. इंजिन मागे असतं, रिकाम्या मशीनचं वजन मागेच, आणि जड बाजू नेहमी चढाकडे हवी, नाहीतर पुढची चाकं हवेत. मध्यम मशीन तीन टनाच्या आसपास भरतं, तेव्हा ट्रेलरची क्षमता आधी बघा. बकेट खाली टेकवा, चारही कोपऱ्यांना चेन. परतीचा प्रवास मस्त झाला, हवा छान, रस्ता रिकामा, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता खरा घाट. रंगवण्याचं काम म्हणजे रंगाचं काम असं ज्याला वाटतं त्याने एकदा स्किड स्टीअरची खालची प्लेट उघडावी. इंजिनखाली, हायड्रॉलिक पंपाच्या खाली, आर्मच्या खांबांच्या आतल्या बाजूला, जिथे ना हात जातो ना ब्रश, तिथे वर्षानुवर्षांचं ऑइल, माती, पालापाचोळा आणि ग्रीस यांचा जो थर बसलेला असतो तो धुवून निघतच नाही, खरवडावा लागतो, आणि खरवडला की खाली दुसरा थर, तो जास्त कडक. मी पुट्टीची पाती वापरली, लाकडी पट्टी वापरली, शेवटी जुना स्क्रूड्रायव्हर वाकवून त्याचा आकडा केला. बादल्या भरून घाण निघाली आणि तरी प्लेटचे बोल्ट दिसेनात. तसं बघितलं तर या मशीनचा जन्मच घाण उपसायला झालाय, १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या केलर बंधूंनी पहिला छोटा तीनचाकी लोडर बनवला तो टर्कीच्या शेडमधलं खत काढायला, चार चाकांचा १९६० साली आला. पण त्याचा अर्थ ती घाण पोटात साठवून ठेवायची असा नाही ना. हा थर नुसता कुरूप नाही, इंजिनच्या उष्णतेने पेट घेतो, या मशीनना आग लागते त्यात खाली साठलेल्या कचऱ्याचा हात मोठा असतो. त्यामुळे रंगवायचं नसलं तरी ती प्लेट वर्षातून एकदा तरी उघडा.

क्रम असा ठेवा: आधी कोरडं खरवडणं, मग डीग्रीझर मारून मुरू देणं, मग गरम पाण्याचा प्रेशर. उलट केलंत तर चिखल होतो आणि तो कोपऱ्यांत जाऊन बसतो. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने बांधून घ्या, रेडिएटरवर जवळून प्रेशर मारू नका, फिन्स आडव्या पडतात. डिझेलने धुवा असं सांगणारे भरपूर भेटतील. डिझेलचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग मारला की रंगाला खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेल पूर्ण निघाल्याशिवाय पॉलिश पेपरला हात लावू नका, घासलं की तेल ओरखड्यांत जातं आणि मग ते थिनरलाही दाद देत नाही. पांढरं स्वच्छ फडकं सॉल्व्हंटमध्ये भिजवून पुसायचं, फडकं काळं आलं की परत. मी किती फडकी फेकली ते विचारू नका. पाठ गेली, नखं गेली, एक रात्र तर मशीन तसंच भंगारात घालावं असं मनापासून वाटलं, आणि त्या रात्री कोणी विचारलं असतं तर मी स्वच्छ सांगितलं असतं की हे काम करूच नका.

आर्म वर करून त्याखाली काम करताना मशीनचा स्वतःचा आर्म सपोर्ट लावल्याशिवाय खाली डोकं घालू नका. हायड्रॉलिकवर भरवसा नाही, जॅकवर नाही, लाकडाच्या ओंडक्यावर तर नाहीच. होजची बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या प्रेशरचं तेल कातडीतून आत शिरतं, जखम टाचणीएवढी दिसते पण ती थेट सर्जनकडे पळण्याची केस आहे, सकाळपर्यंत थांबायची नाही.

तड्याचं म्हणाल तर लांबी पूर्ण काढून, ग्राइंडरने खाच पाडून, टोकाला भोक मारून वेल्डिंग केलं, नीट शिकलेल्या वेल्डरकडून. बॅटरीच्या वायरी आधी काढा आणि वेल्डिंगची अर्थिंगची वायर शक्य तितकी जवळ लावा, पिन-बुशमधून करंट गेला तर नवं काम निघतं. केबिनच्या सांगाड्याला मात्र वेल्डिंग नाही, भोकही नाही. मशीन उलटलं तर जीव वाचवणारी तीच एक गोष्ट आहे. तो वाकलेला किंवा तडकलेला असेल तर बदला.

चाकं आणि सुटे पत्रे सँडब्लास्टिंगला दिले. तिथे भाव तासावर ठरवू नका, नगावर ठरवा. आमच्या माणसाने नळी जोडण्याचा, वाळू भरण्याचा आणि बहुतेक चहाचा वेळही तासात धरला, बिल बघून दोन मिनिटं गप्प बसलो. मुख्य बॉडी ब्लास्ट करू नका, वाळू सीलमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरते. तारेचा कप ब्रश गंजाला नुसती चमक आणतो, गंज तसाच राहतो, तिथे ८० नंबरचा पेपर हवा, पुढे १८०, प्रायमरवर ३२०.

मास्किंगला वेळ द्या. सिलिंडरचे चकचकीत रॉड, ग्रीस निपल, होजचे कपलर, रेडिएटर आणि सिरियल नंबरची पट्टी यांवर रंगाचा थेंब नको. रॉडवर सुकलेला रंग सील फाडतो. रंगाचा शेड जुळवायला उन्हात फिकं पडलेलं दार नेऊ नका, सीटखालचा किंवा आतला एखादा पत्रा न्या.

एपॉक्सी प्रायमर, वर टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. स्वस्तातला इनॅमल मारला तर डिझेल सांडलं की मऊ पडतो, माझं मत स्पष्ट आहे, इतकं खरवडून वर तो मारायचा नाही. पण टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, वास येत नाही म्हणून कळतही नाही, आणि एकदा दमा लागला की लागला. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क, अंगभर सूट, हातमोजे. हे नसेल तर ब्रशने इनॅमलच मारा, मी आत्ताच त्याला नावं ठेवली तरी. हवा दमट असेल तर थांबा, पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतलं दव पत्र्यावर धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस वर हवं. प्रायमरनंतर किती वेळात वरचा कोट मारायचा ते डब्यावर असतं, ती मुदत चुकली की परत पेपर.

आणि मग शेवटचा कोट बसतो, टेप सोलता, आणि खरं सांगतो, वरची सगळी रडगाणी विसरायला होतं. दोन दिवस मी नुसता त्याच्याभोवती फिरत होतो. या तंद्रीत सल्ला देतोय हे माहीत असूनही म्हणतो, बाहेर देऊ नका, स्वतः करा, बाहेरचा माणूस खालची प्लेट उघडणार नाही.

काही राहिलेलं: रिमला जिथे नट बसतो तिथे जाड रंग ठेवू नका, रंग दबला की नट ढिले पडतात, टॉर्क रेंचने आवळा आणि काही तास चालवून परत आवळा. वॉर्निंगचे स्टिकर नवीन आणून लावा, जुने सोलायला हीट गन बेस्ट. सगळ्या निपलना ग्रीस मारा, धुण्यात सगळं निघून गेलेलं असतं. रंग हाताला सुकला वाटला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडाभर द्या. आणि बकेटच्या आतल्या बाजूला तो महाग रंग घालवू नका, खडीच्या पहिल्याच ढिगाऱ्यात जातो, बाहेरून एक कोट बस्स.