बेसिनवरची एकच वडी

आमच्याकडे बेसिनवर एकच साबण असतो, सगळ्यांना मिळून, आणि तो झिजून पातळ झाला की आई तो तुकडा नव्या वडीला चिकटवून टाकते, वाया काही जाऊ द्यायचं नाही. परवा भाची राहायला आली आणि ती बुळबुळीत वडी बघून तिने नाकच मुरडलं, "ई आज्जी, सगळ्यांचे जंतू असतील याच्यावर!"

आता तिचं अगदीच चुकलं असं नाही, ओल्या वडीवर जंतू असतातच, साबणदाणीत पाणी साचून लगदा झाला असेल तर जास्तच. पण ते हातावर राहतात का? 1988 मध्ये अमेरिकेत दोघा संशोधकांनी मुद्दाम वड्यांवर ई. कोलाय आणि आणखी एक जंतू भरपूर लावला, 16 जणांना त्याच वड्यांनी हात धुवायला लावले, नंतर तपासलं तर एकाच्याही हातावर ते जंतू सापडले नाहीत. (संशोधक साबणाच्या कंपनीतलेच होते, तेही सांगून टाकतो.)

कारण साबणाचं मुख्य काम मारणं नाहीच, सोडवणं आहे. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, हातावरच्या तेलकट थरात जंतू रुतलेले असतात, साबण तो थरच उचलून बारीक बारीक गोळे करतो आणि पाण्याबरोबर सगळं वाहून जातं. कोरोनासारख्या विषाणूचं आवरण चरबीचं, ते तर फाटतंच, काही बॅक्टेरियाही मरतात पण बरेचसे जिवंतच मोरीत जातात. जाईनात का! म्हणून तर 20 सेकंद चोळायचं, नुसता साबण फिरवून नळाखाली हात धरला की काम अर्धवट.

आणि ते 'अँटीबॅक्टेरियल' प्रकरण... अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) 2016 मध्ये ट्रायक्लोसॅन धरून 19 जंतुनाशक घटक घरगुती हँडवॉशमधून काढायला लावले, कारण साध्या साबणापेक्षा त्यांचा जास्त फायदा होतो आणि ते रोज वापरायला सुरक्षित आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

एवढं सगळं सांगूनही भाचीने हँडवॉशची बाटली आणलीच, आणि जाताना इथेच ठेवून गेली. काल बघतो तर आईने संपत आलेल्या बाटलीत निम्मं पाणी घालून हलवून ठेवलेलं! असं पाणी घातलं की आतलं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि त्यात जंतू आरामात वाढू शकतात, म्हणजे आता मला वडीपेक्षा त्या बाटलीचीच भीती.