गोणपाट आणि वाचनालयाचं कार्ड

अमेरिकेतलं येल विद्यापीठ ज्या न्यू हेवनमध्ये आहे, तिथल्या गावच्या वाचनालयाचं कार्ड मला पाच मिनिटांत मिळालं. पत्ता दाखवला, सही केली, झालं. त्या कार्डावर पहिलंच पुस्तक आणलं ते ‘येल अँड स्लेव्हरी’, आणि गेले चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललेली नाही.

येलच्या इतिहास विभागात अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्यांनी अलीकडे बक्षिसांची रांग लावलीय. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसच्या चरित्रासाठी डेव्हिड ब्लाइट यांना २०१९ चं पुलित्झर. एफबीआय या तपासयंत्रणेचा प्रमुख असलेल्या हूवरच्या चरित्रासाठी बेव्हर्ली गेज यांना २०२३ चं. त्याच वर्षी नेड ब्लॅकहॉक यांना नॅशनल बुक अवॉर्ड; ते स्वतः वेस्टर्न शोशोनी या मूळ रहिवासी जमातीचे, आणि मूळ रहिवाशांना बाजूला ठेवून अमेरिकेचा इतिहास सांगताच येत नाही हे त्यांचं म्हणणं. तिघांपैकी कुणीही देशाची आरती ओवाळलेली नाही.

पण मी अडकले ती ब्लाइट आणि सहकाऱ्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या काढलेल्या पंचनाम्यात, म्हणजे मी आणलेल्या त्या पुस्तकात. आवारातली सर्वांत जुनी इमारत, कनेक्टिकट हॉल, बांधताना गुलाम राबले होते. १८३१ साली या गावात कृष्णवर्णीय तरुणांसाठी कॉलेज काढायचा प्रस्ताव आला, तेव्हा गावसभेने तो ७०० विरुद्ध ४ मतांनी पाडला, आणि विरोधात येलची बडी मंडळी होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुस्तक आलं आणि त्याच सुमारास विद्यापीठाने जाहीर माफी मागितली.

(ज्याच्या नावाने हे सगळं उभं आहे तो एलिहू येल मद्रासचा गव्हर्नर होता. १७१८ साली त्याने पाठवलेल्या मालाचे गठ्ठे विकून कॉलेजला पैसे मिळाले. म्हणजे आपलाही थोडा हात लागलाय या पायाला. तो आपण होऊन लावला नव्हता, एवढंच.)

मला झोपू दिलं नाही ते जेम्स पेनिंग्टनने. मेरीलँडमधून पळून आलेला गुलाम. १८३४ पासून येलमध्ये व्याख्यानं ऐकायला बसायची त्याला मुभा होती. पण नाव नोंदवायचं नाही, वर्गात तोंड उघडायचं नाही आणि ग्रंथालयातून पुस्तक न्यायचं नाही. जर्मनीतल्या हायडेलबर्गने १८४९ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली. येलची मानद पदवी यायला २०२३ उजाडलं.

मी साताऱ्याची. हे वाचून माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

वाचनालयातल्या काउंटरवरच्या बाईंना मी ते सांगितलं. वर्गातलं वेगळं गोणपाट, लांबून ओतलेलं पाणी, सगळं. सांगताना आवाजात थोडा अभिमानही आला असावा, कारण पुढे तो मुलगा काय झाला हेही मी ऐकवलं. त्या कृष्णवर्णीय, साठीच्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग शाळेने माफी मागितली?”

मी म्हटलं, आम्ही ७ नोव्हेंबर, बाबासाहेबांचा शाळाप्रवेशाचा दिवस, विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्या म्हणाल्या, “छान.”

ते ‘छान’ मला अजून टोचतंय. घरी येताना मनात उत्तरांवर उत्तरं जुळवत होते. शाळेने त्यांच्या नावाची ती जुनी नोंदवही जपून ठेवलीय, हे काय कमी आहे? आमच्याकडे संविधानच त्यांनी लिहिलं. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ तुमच्याच देशातल्या भल्या लोकांना अर्पण केली होती, ते तुम्हाला ठाऊक तरी आहे का? आणि तिजोरीत चाळीस अब्ज डॉलर असले की माफी परवडते हो. नवऱ्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, “तू एम.ए. इतिहास केलंस ना? मग तूच लिही की.” केलं होतं. पण एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमागून मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आल्यावर आधी स्वयंपाकघर लावायचं असतं, मग मुलगी झाली. कारणं खरी आहेत.

रविवारी बाबांना फोन केला. ते त्याच शाळेचे विद्यार्थी. माफीचं म्हटल्यावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “शाळेचं म्हणशील, तर ते गोणपाट शाळेत राहतच नव्हतं. शाळेचा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून बाबासाहेब रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे.”

हे ते शाळेच्या बाजूने सांगत होते की विरुद्ध, ते फोन ठेवल्यावरही मला कळलं नाही.