दोन निवडणुकांमधले अंतर मोजताना

मी पेनसिल्व्हेनियात राहायला आले, त्याच वर्षी, म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरात, ज्या राज्याने चार वर्षांपूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामांना पाच टक्क्यांहून अधिक मताधिक्य दिले होते, ते ४४,२९२ मतांनी रिपब्लिकन पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेले. त्यानंतर कित्येक महिने ‘पेनसिल्व्हेनिया बदलले’ हे वाक्य सतत कानांवर पडत राहिले आणि ते मला पुरेसे वाटेना. कोळशाच्या जुन्या खाणींच्या लुझर्न काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ओबामांची सुमारे पाच टक्क्यांची आघाडी जाऊन तेथे ट्रम्प एकोणीस टक्क्यांनी पुढे गेले होते. त्याच रात्री फिलाडेल्फियाच्या उपनगरांतील चेस्टर काउंटी, जिने २०१२ मध्ये रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना निसटता विजय दिला होता, ती डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने सुमारे नऊ टक्क्यांनी झुकली. एकाच राज्याने एकाच दिवशी दोन विरुद्ध दिशांना पावले टाकली होती. पुढे भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी २०१२ ते २०२४ या चार अध्यक्षीय निवडणुकांमधील काउंटीनिहाय कलाचा नकाशा करायचे ठरवले.

काम सोपे वाटत होते. देशात तीन हजार शंभरांहून अधिक काउंट्या आहेत. प्रत्येकीच्या दोन निवडणुकांमधील मताधिक्यांची वजाबाकी करायची आणि उत्तराला रंग द्यायचा, एवढेच मी गृहीत धरले होते. पहिला नकाशा तयार झाला तेव्हा कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना, कोलोरॅडो आणि अलाबामा ही राज्ये कोरी होती. प्रत्येक काउंटीला पाच अंकी सांकेतांक असतो आणि त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. शून्याने सुरू होणाऱ्या सांकेतांकातले ते शून्य एक्सेलने संख्या समजून गाळून टाकले होते, त्यामुळे निकालांचे तक्ते आणि सीमांची फाइल यांची सांगड बसत नव्हती. हे कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्यानंतर हाती लागलेल्या अडचणी मात्र तांत्रिक नव्हत्या, कारण त्यांच्यामागे खरा बदल होता. साउथ डकोटातील शॅनन काउंटीने २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा हे नाव घेतले आणि तिचा सांकेतांकही बदलला. व्हर्जिनियातील बेडफर्ड हे स्वतंत्र शहर २०१३ मध्ये भोवतालच्या काउंटीत सामील झाले, म्हणून २०१२ ची त्या दोघांची मते मला आधी एकत्र करावी लागली. अलास्कात काउंट्या नाहीतच आणि निकाल विधानसभेच्या मतदारसंघांनुसार मिळतात, त्यामुळे ते राज्य मी अखेर नकाशातून वगळले आणि तसे स्पष्ट लिहिले. कनेटिकटची अडचण सर्वांत चिवट ठरली; तेथील मते जुन्या आठ काउंट्यांत बसवता येत होती, परंतु जनगणना विभाग अलीकडची शिक्षणाची आणि उत्पन्नाची आकडेवारी नऊ नियोजन प्रदेशांनुसार देऊ लागला आहे आणि या दोन विभागण्या एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत.

खरा प्रश्न पुढेच होता: वजाबाकी नेमकी कशातून कशाची करायची? भारतातील निवडणूक विश्लेषण ऐकत वाढल्यामुळे ‘स्विंग’ म्हणजे एका पक्षाची वाढ आणि दुसऱ्याची घट यांची सरासरी, हे माझ्या मनात पक्के होते. अमेरिकेतील नकाशे बहुधा मताधिक्यातला पूर्ण फरक दाखवतात, म्हणजे तेच स्थित्यंतर तेथे दुप्पट दिसते. आयोवातील हॉवर्ड काउंटी २०१२ मध्ये ओबामांना सुमारे २१ टक्क्यांनी आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना सुमारे २० टक्क्यांनी मिळाली. अमेरिकी पद्धतीने हा बदल ४१ चा आणि आपल्याकडच्या पद्धतीने साडेवीसचा. मी अमेरिकी पद्धत स्वीकारली, पण प्रत्येक पानावर ती कोणती हे लिहिले. यूटाने आणखी एक धडा दिला. २०१६ मध्ये तेथे इव्हान मॅकमलिन या अपक्ष उमेदवाराला एकवीस टक्क्यांहून अधिक मते मिळाली होती आणि त्यामुळे ट्रम्प यांची टक्केवारी शेहेचाळिसाच्याही खाली होती. २०२० मध्ये ती अठ्ठावन्नाच्या आसपास गेली. फक्त ट्रम्प यांची टक्केवारी पाहणाऱ्याला यूटा त्यांच्याकडे धावत गेल्याचे वाटेल, प्रत्यक्षात त्यातील बरीचशी मते नेहमीच्या रिपब्लिकन घरी परतली होती.

२०२४ चे निकाल येऊ लागले तेव्हा मी घाई केली, याची मला अजून खंत वाटते. मतदानानंतरच्या पहिल्या आठवड्यातील आकड्यांवर मी नकाशा रंगवला, तेव्हा कॅलिफोर्नियातील लाखो टपाली मतपत्रिका मोजायच्या शिल्लक होत्या. मोजणी पूर्ण झाल्यावर ट्रम्प यांची देशव्यापी आघाडी सुमारे दीड टक्क्यावर आली आणि माझ्या नकाशावरचा पश्चिम किनारा पुन्हा रंगवावा लागला. अधिकृत, प्रमाणित निकालांखेरीज काहीही वापरायचे नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

मार्गदर्शकांना सुधारलेला नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी टेक्सासच्या दक्षिण सीमेवरील स्टार काउंटीवर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘येथे कोण बदलले?’’ बहुतांश हिस्पॅनिक वस्तीच्या या काउंटीत २०१६ मध्ये क्लिंटन यांना साठ टक्क्यांचे मताधिक्य होते, २०२० मध्ये जो बायडेन यांना केवळ पाच टक्क्यांचे राहिले आणि २०२४ मध्ये ट्रम्प सोळा टक्क्यांनी जिंकले. १८९२ नंतर प्रथमच येथे रिपब्लिकन उमेदवार पुढे आला. मी उत्तर दिले की येथील मतदारांनी पक्ष बदलला. त्यांनी मला टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्यक्ष मते पाहायला सांगितली. क्लिंटन यांना नऊ हजारांहून थोडी अधिक मते होती आणि बायडेन यांनाही जवळजवळ तेवढीच. ट्रम्प यांची मते मात्र दोन हजारांच्या पुढून आठ हजारांच्या पुढे गेली होती. म्हणजे नकाशावरील पंचावन्न टक्क्यांचे ते प्रचंड सरकणे डेमोक्रॅटिक मतांची बेरीज जवळपास जागेवर असताना घडले होते. नवे लोक मतदानाला आले, की काही लोक बदलले आणि त्यांच्या जागी दुसरे आले, हे काउंटीच्या बेरजेतून सांगताच येत नाही. २०२४ मध्ये मात्र डेमोक्रॅटिक मते सात हजारांच्याही खाली गेली, तेव्हा तो टप्पा वेगळ्या जातीचा होता. माझा नकाशा दोन्ही टप्पे रिपब्लिकन पक्षाच्या एकाच तांबड्या छटेने रंगवत होता.

त्या भेटीनंतर मी प्रत्येक ठळक काउंटीसाठी तीन गोष्टी शेजारी मांडू लागले: प्रत्यक्ष मते, एकूण मतदान आणि लोकसंख्येतील भर. केंटकीतील एलियट काउंटीत जेमतेम सात-आठ हजार लोक राहतात आणि बाहेरून येणारे फारसे नाहीत; १८७२ पासून २०१२ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल देणाऱ्या या काउंटीने २०१६ मध्ये ट्रम्प यांना सुमारे ७० टक्के मते दिली. तेथे त्याच कुटुंबांनी मत बदलले असावे, असे मी बऱ्याच विश्वासाने लिहू शकले. अटलांटाच्या उत्तरेकडील फोरसाइथ काउंटीबद्दल तसे लिहिता येत नाही. रिपब्लिकन उमेदवाराला २०१२ मध्ये तेथे सुमारे ८० टक्के मते होती, ती २०२० मध्ये ६६ टक्क्यांच्या आसपास आली. पण दरम्यान तेथे हजारो भारतीय कुटुंबे राहायला आली, त्यांत माझ्या ओळखीची पुण्याची दोन घरेही आहेत. जुन्या रहिवाशाने मत मुळीच बदलले नाही, तरी काउंटीचा रंग फिका होतो.

प्रकल्प २०२५ च्या मे महिन्यात स्वीकारला गेला. त्याचे मूळ शीर्षक ‘मतदारांचा बदलता कौल’ असे होते. मी ते खोडून ‘काउंट्यांचे बदलते मताधिक्य’ असे केले आणि त्या बदलाचे कारण प्रस्तावनेत दोन पाने लिहून दिले. आता मी स्टार काउंटीची मतदान केंद्रनिहाय आकडेवारी जुळवते आहे, आणि ज्या केंद्रांच्या सीमा दोन निवडणुकांच्या दरम्यान बदलल्या त्यांची यादी करण्यापासूनच पुन्हा सुरुवात केली आहे.